घाटाची सायकल शर्यत आणि सोबत्यांची मदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुणे शर्यतीत खोपोली सुटली की बोरघाट अंगावर येतो. जो माथ्यावर पहिला पोचतो, त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. ही प्रश्नोत्तरं त्याच्यासाठी नाहीत. शिंगरोबाच्या देवळापर्यंत ज्यांची धाप आवाक्याबाहेर जाते, बंच (सायकलपटूंचा मुख्य घोळका) डोळ्यांदेखत पुढे निघून जातो आणि तरीही ज्यांना पुण्यात शर्यत पूर्ण करायची असते, त्यांच्यासाठी आहेत. उदाहरणं जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरची घेतली आहेत. हिशेब मात्र पसरणी, दिवे, वरंधा अशा कुठल्याही घाटाला चालतो. तुमच्या शर्यतीचं नियमपत्रक काही वेगळं सांगत असेल तर तेच खरं धरा.

१. सायकल तर ज्याची त्यानंच चालवायची असते. मग सोबत्याची मदत म्हणजे नेमकं काय?

चार गोष्टी. वारा अडवणं, बाटल्या आणि खाणं आणून देणं, चाक किंवा सायकल देणं आणि मागे पडलेल्याला परत बंचमध्ये आणून सोडणं. यांत पहिली सगळ्यात मोठी, कारण ती शर्यतभर चालते. हे काम करणाऱ्याला युरोपात ‘डोमेस्टिक’ म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ घरगडी. १९११ साली टूर द फ्रान्सचे आयोजक आंरी देग्रांज यांनी मोरीस ब्रोको या सायकलपटूला चिडून हा शब्द वापरला होता. शिवी होती, तिचं पुढे पद झालं.

२. दुसऱ्याच्या मागे राहून खरंच किती ताकद वाचते?

सपाट रस्ता, ताशी ४० किमी, सायकल आणि बाटल्यांसह एकूण वजन ८० किलो. एकट्याला साधारण ३०० वॅट लागतात आणि त्यातले अडीचशेच्या आसपास निव्वळ वाऱ्याला जातात. पुढच्याच्या चाकामागे नीट बसलात तर वाऱ्याचा भार ढोबळमानाने ३० टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे तोच वेग सव्वादोनशे वॅटमध्ये निघतो. मोठ्या बंचच्या पोटात बसलात तर याहून बरंच कमी.

‘नीट बसणं’ म्हणजे पुढच्याच्या मागच्या चाकापासून तुमचं पुढचं चाक अर्धा मीटर. नवख्यानं एका चाकाएवढं, म्हणजे ७० सेंटिमीटर ठेवावं. दोन मीटर मागे राहिलात तरी थोडा फायदा असतोच, त्यामुळे घाबरत चिकटण्यापेक्षा थोडं मागे पण सरळ रेषेत बरं. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही येऊ देऊ नका. तो जरा हलला की चाकाला चाक घासतं आणि पडतो तो मागचा, पुढच्याला फक्त धक्का जाणवतो.

३. मग घाटातही सोबत्याचं चाक धरलं की तो मला वर ओढून नेईल ना?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून हिशेब मांडतो.

तेच ८० किलो, ६ टक्के चढ, ताशी १२ किमी. लागतात साधारण १८० वॅट. त्यातले १५५ ते १६० वॅट निव्वळ वजन वर उचलायला जातात, काही टायरच्या घर्षणात आणि वाऱ्याला जेमतेम ८. चाक धरून त्या आठांतले दोन-अडीच वाचतील. याउलट ७५० मिलीच्या दोन भरलेल्या बाटल्या सोबत्याच्या सायकलवर गेल्या तर तुमचे जवळपास ३ वॅट वाचतात. म्हणजे या वेगाला सोबत्याच्या पाठीपेक्षा त्याचे बाटलीचे पिंजरे जास्त उपयोगी! वर ताशी २० किमीनं जाणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. त्यांना चाक धरून दहाएक वॅट मिळतात, समोरून वारा असेल तर त्याहून जास्त.

थोडक्यात, घाटाच्या पोटात सोबती तुम्हाला ओढू शकत नाही. तो वेग सांभाळू शकतो, वजन घेऊ शकतो, धीर देऊ शकतो. शर्यत तो वाचवतो ती पायथ्याच्या आधी (प्रश्न ४) आणि माथ्याच्या नंतर (प्रश्न ८). संघातल्या सगळ्यात ताकदवान गड्याला ‘घाटात याच्यासोबत राहा’ एवढंच सांगून पाठवणं म्हणजे त्याची ताकद चुकीच्या जागी खर्च करणं.

४. घाट सुरू होताना मी बंचमध्ये कुठे असायला हवं?

पहिल्या दहा-पंधरात. चढणारे पटापट तुमच्या बाजूनं पुढे जातील, जाऊ द्या. साठ जणांचा बंच तुमच्यावरून ओसरेपर्यंत दोन-तीन वळणं निघून गेलेली असतात आणि तुम्ही अजून शेपटाला लागूनच असता. शेवटी राहून घाटात शिरलात तर पहिल्याच वळणाला एकटे पडता.

हे पुढे नेण्याचं काम सोबत्यांचं. खोपोली गावाच्या तीन-चार किलोमीटर आधी दोघांनी पुढे यायचं, तुम्ही तिसरे. बाजूला जागा मिळाली की सलग वेगानं पुढे सरकायचं, झटके द्यायचे नाहीत. झटका दिला की त्या दोघांचे पाय शाबूत राहतात आणि मागच्या तिसऱ्याचे, म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप त्याचेच, घाटाआधी जळतात. गावात गतिरोधक, रिक्षा, रस्ता ओलांडणारी माणसं असतातच. म्हणून पुढे सरकण्याचं काम गावाच्या आधी आटोपलेलं असावं.

पनवेलपासून इथपर्यंत तुम्ही एकदाही वाऱ्यात पुढे आलेले नसावं. तिथे हौसेनं पुढे राहणारेच पुढे घाटात दिसेनासे होतात.

५. गिअर कोणते लावू? माझ्याकडे पुढे ३९ दातांची चकती, मागे २५ ची आहे.

घाटात दमणाऱ्यासाठी ते जड आहेत. ३९-२५ वर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ३.३ मीटर जाते. ताशी १२ किमीला म्हणजे मिनिटाला ६० फेरे. पाऊण तास असं दाबत राहिलात तर गुडघे आणि मांड्या दोन्ही बोलतात. ३४-२८ वर त्याच वेगाला ७८ फेरे, ३४-३२ वर ९०. पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या आणि मागे ११ ते ३२ ही जोडी आम्ही सुचवू. जुना मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३२ दातांपर्यंत पोचतो का हे दुकानात आधी तपासा, आणि कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) मोठी केली की चेनची लांबीही पुन्हा मोजा. चेन आखूड राहिली आणि पुढची मोठी आणि मागचीही मोठी चकती एकदम लागली तर डिरेलर उखडतो.

६. मी सुटतोय हे सोबत्याला कधी सांगायचं? सांगायची लाज वाटते.

पुढच्याचं चाक दुसऱ्यांदा एका सायकलभर लांब गेलं की लगेच. दुसरी खूण म्हणजे चार शब्दांचं वाक्य एका दमात बोलता येत नाही. या टप्प्यावर सांगितलंत तर वेग ताशी एक किलोमीटरनं उतरवून भागतं. लाजेनं आणखी पाच मिनिटं ताणलंत तर नंतर चार किलोमीटरनं उतरवूनही भागत नाही, कारण पाय भरून आलेले असतात आणि चढावर ते मोकळे व्हायला जागाच नसते.

शब्द आधी ठरवून घ्या, एक-दोन अक्षरी. ‘कमी’ म्हणजे वेग उतरव, ‘धर’ म्हणजे आहे तो राहू दे, ‘जा’ म्हणजे मला सोड. ‘बरं आहे ना रे?’ असं विचारू नका. त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात.

सोबत्यानं करायच्या गोष्टी: तुमच्या थेट पुढे नाही, अर्ध चाक पुढे आणि बाजूला राहायचं, म्हणजे मान न वळवता तुम्ही दिसता. वळणाच्या आतल्या बाजूला चढ तीव्र असतो, रस्ता मोकळा असेल तिथे मधून न्यायचं. ‘दोनशे मीटरनंतर सपाटी आहे’ असं खरं तेच सांगायचं. खोटं एकदाच चालतं.

आणि उभं राहून पायडल मारताना जपून. बसलेला माणूस उभा राहतो तेव्हा त्याची सायकल क्षणभर मागे येते आणि मागच्याच्या चाकावर आदळते. उभं राहण्याआधी एक गिअर जड करा आणि पाय वरून खाली दाबत असतानाच उठा.

७. पाच जणांचा संघ आहे. एक मागे पडला तर किती जणांनी थांबायचं?

घाटात एक, सपाटीवर दोन. घाटात दुसऱ्याचा उपयोग नाही (प्रश्न ३). सपाटीवर एकटा मदतनीस सतत वाऱ्यात राहून पंधरा मिनिटांत संपतो, दोघं आलटून पालटून तासभर चालवतात. चौघंही थांबले तर पुढे तुमचं कुणीच राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे कोण थांबणार हे रस्त्यावर ठरवणं. ते आदल्या रात्री नावानिशी ठरलेलं असावं.

८. माथ्यावर पोचलो पण बंच दिसत नाही. आता?

आता खरी मदत सुरू होते. खंडाळ्यात सुटकेचा निःश्वास टाकून पाय थांबवणं ही नेहमीची चूक. माथा आला की गिअर एक-एक करून जड करा आणि वेग मिळेपर्यंत सोबत्याच्या चाकामागेच राहा. मग पहिल्या पाच मिनिटांत खा. घाटात पोट काही घेत नाही, इथे घेतं.

लोणावळ्यापासून पुढे रस्ता बहुतांशी सपाट किंवा हलका उताराचा आहे, पुण्यापर्यंत साठाहून जास्त किलोमीटर. इथे दोन सोबती आणि चाक धरलेले तुम्ही, असे तिघं एकट्यानं निघालेल्याला आरामात गाठता. आजूबाजूच्या सुटलेल्यांनाही गोळा करा. आठ-दहा जण झाले की फिरती रांग लावा. प्रत्येकानं ३० सेकंद पुढे, मग बाजूला होऊन शेवटी. दमलेल्यानं पुढे यायचंच नाही. रांगेच्या टोकाला राहून, मागे येणाऱ्याला ‘आत ये’ म्हणत आपल्या पुढे जागा द्यायची. हे आधी बोलून टाका, नाहीतर परके खेळाडू ‘हा फुकट बसतोय’ म्हणून चिडतात आणि रांग फुटते. कामशेतजवळच्या चढावर वेग मुद्दाम एक पायरी खाली ठेवा. फुटलेली रांग पुन्हा बांधायला जाणारा वेळ तिथे वाचवलेल्या वेळेपेक्षा नेहमीच जास्त असतो.

९. पंक्चर झालं तर सोबत्यानं चाक देण्याची पद्धत काय?

हात वर करा, ‘मागचं’ किंवा ‘पुढचं’ असं ओरडा, हळूहळू डावीकडे या. मागचं चाक असेल तर थांबण्याआधी चेन सर्वात लहान चकतीवर आणा. हे विसरलं की वीस सेकंद आणि काळे हात. चाक सोबत्याच्या सायकलचं निघतं, तो तुमचं पंक्चर झालेलं चाक घेऊन संघाच्या मदत-गाडीची वाट पाहतो. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा दांडा दाबू नका, पॅड जवळ येतात आणि नवं चाक आत जात नाही.

खरी अडचण शर्यतीच्या दिवशी कळते, ती म्हणजे चाकं जुळतच नाहीत. रिम ब्रेकचं चाक डिस्कच्या सायकलला निरुपयोगी. ब्रेकची १६० मिमीची चकती आणि १४० ची चकती अदलाबदल होत नाही. अकरा स्पीडची कॅसेट बारा स्पीडच्या गिअरवर कटकट करते. थ्रू-अ‍ॅक्सलला (चाकाच्या मधून आरपार जाणाऱ्या आसाला) बहुधा ६ मिमीची अ‍ॅलन की लागते, ती खिशात असावी. शर्यतीच्या आठवडाभर आधी सगळ्यांच्या सायकली एका ठिकाणी आणा आणि प्रत्येकाचं चाक प्रत्येकात बसवून पाहा. पूर्ण सायकल द्यायची तर उंची आणि पायडलची जात जुळणाराच माणूस द्यायला ठरवा.

परत येण्याचा हिशेब असा. ४५ सेकंद थांबलात, बंच ताशी ३८ नं चाललाय, म्हणजे तो ४७५ मीटर पुढे गेला. तुम्ही तिघं ४२ नं गेलात तर सात मिनिटांत, पाच किलोमीटरमध्ये गाठता. एकटे ३६ नं गेलात तर कधीच नाही.

१०. दुसऱ्या संघाच्या मित्रानं चाक दिलं तर चालेल?

नाही, आणि हे माहीत नसल्यानं मोठमोठे फसले आहेत. यूसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार खाणं, पाणी, पाना अशा किरकोळ गोष्टी कुणीही कुणाला देऊ शकतो. चाक, सायकल देणं किंवा मागे पडलेल्यासाठी थांबणं मात्र फक्त स्वतःच्या संघातल्यालाच. २०१५ च्या इटलीतल्या जिरो द’इतालियात दहाव्या टप्प्यावर रिची पोर्टला सायमन क्लार्कनं आपलं चाक दिलं. दोघं ऑस्ट्रेलियन, पण संघ वेगळे. दोघांनाही दोन-दोन मिनिटांचा दंड झाला.

११. घाटात पाठीला हात लावून ढकललं तर? थोडंसंच?

एका खेळाडूनं दुसऱ्याला ढकलायला मनाई आहे, मग तो एकाच संघाचा का असेना. बाद होण्यापर्यंत शिक्षा जाऊ शकते. प्रेक्षक ढकलू लागले तर हातानं ‘नको’ अशी स्पष्ट खूण करा. तुम्ही मागितलेलं नाही हे पंचांना दिसलं पाहिजे.

१२. गाडीतून बाटली घेताना थोडा वेळ धरून राहिलं तर कोण बघतं?

पंच बघतात आणि आता प्रेक्षकांचे मोबाइलही. २०१५ च्या स्पेनच्या व्हुएल्टात विन्चेन्झो निबाली आणि २०१७ च्या पॅरिस-नीसमध्ये रोमाँ बार्दे, दोघांनाही गाडी धरल्याबद्दल शर्यतीबाहेर काढलं गेलं. बाटली हातात आली की सोडा. शेवटच्या टप्प्यात खाणं-पाणी घ्यायला बंदी असते, ती किती किलोमीटरची हेही पत्रकात पाहा. २०१३ च्या टूरमध्ये आल्प द्युएझवर बंदीच्या पट्ट्यात पोर्ट गाडीकडून जेल घेऊन आला. त्याला आणि ज्याच्यासाठी आणलं त्या क्रिस फ्रूमला प्रत्येकी २० सेकंदांचा दंड बसला.

१३. खाणं-पाणी किती, आणि कुणी वाहायचं?

तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हा धोपट आकडा. पोटाला सराव असेल तर ९० पर्यंत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम. केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू सपाटीवर ठीक, घाटाच्या अर्धा तास आधीपासून मात्र फक्त पातळ. चिक्की नको, धापेत चावता येत नाही आणि ठसका लागतो. ५०० मिली बाटलीत अडीच मोठे चमचे साखर, पाव चहाचा चमचा मीठ आणि लिंबू हे घरगुती मिश्रण पुरेसं आहे. पाव चमच्याहून जास्त मीठ घातलंत तर मळमळ.

पनवेल-खोपोलीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तासाला ५०० ते ७५० मिली लागतात. वाहायचं काम सगळ्यात ताज्या माणसाचं. तो चार-पाच बाटल्या जर्सीच्या खिशांत आणि पाठीवर खुपसून आणतो. पायथ्याशी दमणाऱ्याकडे एकच बाटली, तीही अर्धी ठेवा. बाकी सोबत्याकडे. कारण प्रश्न ३ मध्ये आहे.

१४. पाय आखडणं आणि बत्ती गुल होणं, दोन्हींत सोबती काय करू शकतो?

बत्ती गुल म्हणजे साखर संपणं: हात थरथरतात, डोकं रिकामं होतं, चिडचिड होते. त्याला साखर द्या, पंधरा-वीस मिनिटं वेग उतरवा, गडी परत येतो. पाय आखडणं वेगळं. तो स्नायू ताणून धरा, हलक्या गिअरवर फिरवा. मीठ-पाण्यानं लगेच सुटेल असं समजू नका, बहुधा तो सवयीपेक्षा जास्त जोर लावल्याचा परिणाम असतो.

१५. वेळेची मर्यादा कशी मोजतात? आम्ही सगळेच उशिरा आलो तर?

यूसीआयच्या एकदिवसीय शर्यतीत विजेत्याच्या वेळेपेक्षा ८ टक्क्यांहून जास्त उशीर झाला तर क्रमांक मिळत नाही. विजेता ४ तासांत आला तर तुमच्याकडे १९ मिनिटं १२ सेकंद. स्थानिक शर्यतीत बरेचदा ठरावीक नाक्यावर ठरावीक वेळेला मागची गाडी उरलेल्यांना उचलते. तो नाका आणि वेळ मनगटावर चिकटपट्टीवर लिहून ठेवा, आणि हिशेब सोबत्यानं करावा. दमलेल्या डोक्याला भागाकार जमत नाही.

अनेक टप्प्यांच्या मोठ्या शर्यतीत मागच्यांचा मोठा घोळका एकत्र आला तर पंच सूट देऊ शकतात. २०११ च्या टूरमध्ये गालिबिये घाटाच्या टप्प्यावर ८८ जण मर्यादेबाहेर आले आणि सगळ्यांना ठेवलं गेलं. मार्क कॅव्हेंडिशचे मात्र हिरव्या जर्सीच्या (गुणांच्या स्पर्धेतले) २० गुण कापले. याच कॅव्हेंडिशला २०२४ च्या टूरच्या पहिल्याच दिवशी उन्हात ओकाऱ्या होऊ लागल्या. संघातले चौघं त्याच्यासोबत मागे राहिले, मर्यादेत आणलं. चार दिवसांनी त्यानं आपला विक्रमी ३५ वा टप्पा जिंकला. त्या चौघांचं पहिल्या दिवशीचं काम नेमकं तेच होतं जे इथे सांगतोय: घाई न करता, घड्याळाकडे बघत, एकसारखा वेग.

१६. माझा संघच नाही. एकटा उतरलोय.

तुमच्यासारखे आणखी असतात. सुरुवातीच्या रांगेत त्यांना गाठा. पाणी, खाणं आणि फिरती रांग यांत परक्याचं साहाय्य चालतं, चाकात नाही (प्रश्न १०). त्यामुळे तुमच्या खिशात दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि पंप किंवा हवा भरायचं सीओटूचं छोटं नळकांडं हवंच.

१७. सोबती हट्टानं चालवतोय पण बरा दिसत नाही. थांबवू?

घाम थांबून अंग कोरडं तापलं, बोलणं असंबद्ध झालं, सायकल रेषेत राहत नाही, यातलं एकही दिसलं तर हो. त्याला विचारू नका, सायकल बाजूला घ्या. सावली, मान-काख-जांघेत थंड पाणी, वारा आणि रुग्णवाहिका. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

१८. मदत करून माझाच क्रमांक जातो. मला काय मिळतं?

बक्षिसाची वाटणी शर्यतीआधी ठरवा, आकड्यात. सगळ्यांत समान हा भांडणं टाळणारा मार्ग. बाकी उत्तर अवघड आहे. १९३४ च्या टूरमध्ये वीस वर्षांच्या रने व्हिएत्तोनं पुइमोरां घाटाच्या उतारावर संघनायक आंतोनाँ माग्नला आपलं चाक दिलं. दुसऱ्या दिवशी तर पुढे गेलेला असताना चढ उलटा चढून येऊन सायकलच दिली. माग्न टूर जिंकला. व्हिएत्तो पाचवा आला, डोंगरांचा किताब त्याचा, पण टूर त्याला कधीच जिंकता आला नाही. संघात अशा माणसाची पाळी पुढच्या शर्यतीत यायलाच हवी, नाहीतर तो दुसरा संघ बघतो आणि त्याचं बरोबर असतं.

१९. हे सगळं टाइम ट्रायल, ब्रेव्हे, ट्रायथ्लॉनला लागू आहे का?

वैयक्तिक टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्यानं घड्याळाविरुद्धची शर्यत) अजिबात नाही. ज्याला मागच्यानं गाठलं त्या खेळाडूनं पुढच्यापासून २५ मीटर मागे राहायचं, ओलांडताना बाजूनं २ मीटर अंतर सोडायचं. हौशी ट्रायथ्लॉनमध्ये बहुतेक ठिकाणी चाक धरायला बंदी असते. ब्रेव्हेत (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी) एकमेकांमागे चालवायला हरकत नाही, पण स्वतःच्या गाडीची मदत फक्त नेमलेल्या कंट्रोलवरच (तपासणी नाक्यावरच) घेता येते. मधल्या रस्त्यावर घरच्यांनी गाडी थांबवून पोहे दिले तरी दंड बसतो.